लिब्रेऑफिसची घडी बसेपर्यंत: तीन घरगुती संगणकांवरचा अनुभव

वडिलांच्या संगणकावर विकत घेतानाच आलेल्या एका ऑफिस सॉफ्टवेअरची चाचणी-मुदत संपली आणि एका सकाळी त्यांनी स्वतःच टाइप केलेली पत्रे त्यांना फक्त वाचता येऊ लागली; त्यातले एक अक्षरही बदलता येईना. "माझंच पत्र मला खोडता येत नाही, म्हणजे काय?" हा त्यांचा फोनवरचा प्रश्न रास्त होता आणि त्याला माझ्याकडे धड उत्तर नव्हते. त्या आठवड्यात त्यांच्या संगणकावर लिब्रेऑफिस हे मोफत ऑफिस सॉफ्टवेअर बसवले, पुढे कॉलेजात जाणाऱ्या भाचीच्या लॅपटॉपवर आणि मग माझ्याही. या गोष्टीला आता जवळपास दोन वर्षे होतील. तीन संगणक आणि तीन अगदी वेगळ्या सवयींची माणसे यांच्या वापरातून जे दिसले ते येथे मांडत आहे. माझे मत आधीच सांगतो: पत्रे, हिशेब, याद्या, प्रकल्प-अहवाल अशा घरगुती कामांना हे सॉफ्टवेअर पुरून उरते; मात्र ते बसवून झाल्यावर पहिला अर्धा-पाऊण तास कोणीतरी जाणत्याने संगणकासमोर ठाण मांडून त्याची घडी नीट बसवून द्यावी लागते. तो वेळ दिला नाही, तर पहिल्याच आठवड्यात "हे काही बरोबर चालत नाही" असा निकाल लागतो आणि माणूस जुन्याकडे परततो.

नावाबद्दलचा एक घोळ आधी निस्तरायला हवा, कारण शोधयंत्रात मोफत ऑफिस शोधणाऱ्यासमोर लिब्रेऑफिस आणि ओपनऑफिस ही दोन्ही नावे येतात. दोघांचे मूळ एकच. जर्मनीतल्या स्टार डिव्हिजन या कंपनीचे स्टारऑफिस १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने विकत घेतले आणि पुढच्या वर्षी त्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ आज्ञावली, सर्वांसाठी खुला केला. त्यातून ओपनऑफिस उभे राहिले. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर अनेक विकासकांनी त्याच वर्षी सप्टेंबरात वेगळी चूल मांडली, द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केले आणि जानेवारी २०११ मध्ये लिब्रेऑफिसची ३.३ ही पहिली आवृत्ती काढली. ओपनऑफिस आजही मिळते; पण त्याची ४.१ ही मालिका २०१४ मध्ये सुरू झाली आणि तेव्हापासून त्यात मुख्यतः डागडुजीच होत आली आहे. उलट लिब्रेऑफिसची नवी आवृत्ती दर वर्षी साधारण फेब्रुवारीत आणि ऑगस्टमध्ये येते, आणि २०२४ पासून आवृत्तीचा क्रमांकही वर्ष व महिना यांवरूनच ठरतो, २४.२ म्हणजे २०२४ चा फेब्रुवारी. आपल्या संगणकावरचे सॉफ्टवेअर किती जुने झाले आहे, हे त्यामुळे कोणालाही नुसत्या आकड्यावरून कळते. ही साधी सोय मला फार आवडली.

डाउनलोडच्या पायरीवर वडिलांची फसगत झाली, ती सांगितलीच पाहिजे. मी पोहोचण्याआधी त्यांनी स्वतःच शोध घेतला आणि वर दिसलेल्या पहिल्या दुव्यावर क्लिक केले. तो दुवा जाहिरातीचा होता. त्या संकेतस्थळावर हिरव्या रंगाची तीन मोठी डाउनलोड बटणे होती आणि त्यांपैकी एकही खऱ्या फाइलचे नव्हते. बसले ते एक भलतेच डाउनलोड मॅनेजर, आणि त्याच्या जोडीला ब्राउझरचे मुखपृष्ठ बदलणारी एक पट्टी. हे सारे काढून टाकण्यात माझा एक तास गेला. म्हणून पहिला सल्ला असा की, फाइल द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. विंडोजवर ही फाइल सुमारे ३५० एमबीची असते, आणि ती चालवताना परवानगी मागणारी जी चौकट समोर येते तिच्यात प्रकाशकाच्या जागी द डॉक्युमेंट फाउंडेशन हे नाव दिसले पाहिजे. घाईघाईने "हो" म्हणण्याआधी तेवढी ओळ वाचण्याची सवय वडिलांना आता लागली आहे, आणि ती प्रत्येक सॉफ्टवेअरच्या वेळी कामी येते.

अधिकृत संकेतस्थळावरही नवख्या माणसाला थबकवणारी एक जागा आहे. डाउनलोडचे बटण दाबल्यावर देणगीचे आवाहन करणारे पान उघडते, आणि रकमेचे आकडे दिसताच "हे तर पैसे मागतात" असे वाटून कित्येक जण तेथूनच मागे फिरत असावेत. आमच्याकडे भाचीने फिरण्याची तयारी केलीच होती. देणगी पूर्णपणे ऐच्छिक आहे आणि ते पान उघडले असताना फाइल बहुधा पाठीमागे उतरूही लागलेली असते.

प्रत्यक्ष बसवणे हा सगळ्यांत सोपा भाग आहे. पुढे, पुढे, समाप्त, एवढेच. तरीही नेहमीच्या पर्यायाऐवजी "कस्टम" हा पर्याय निवडावा असे मी म्हणेन, कारण तेथे वापराच्या भाषांची यादी उघडते आणि मराठीही निवडून ठेवता येते. डिस्कवर सुमारे दीड जीबी जागा मोकळी असावी. मदतीची पाने इंटरनेटविना हवी असतील, तर त्यांची फाइल वेगळी उतरवून घ्यावी लागते. हे माहीत नसल्याने एफ१ दाबल्यावर ब्राउझर का उघडतो, असा प्रश्न पडतो. कोणत्या प्रकारच्या फाइली यापुढे लिब्रेऑफिसने उघडायच्या, हेही मध्येच विचारले जाते. संगणकावर आधीचे ऑफिस अजून वापरात असेल, तर तेथील चौकटींना हात न लावलेला बरा. ते कायमचे बंद झाले असेल, तर निःशंकपणे खुणा कराव्यात.

आता तो पहिला अर्धा तास. मराठी लिहिणाऱ्याचे सगळे सुखदुःख याच अर्ध्या तासात ठरते. वडिलांनी रायटर, म्हणजे लिब्रेऑफिसचा मजकूर लिहिण्याचा भाग, उघडून मराठीत पहिले पत्र लिहिले आणि परिच्छेदाच्या शैलीत जाऊन अक्षरांचा आकार १४ केला, तर मराठी मजकूर होता तसाच राहिला आणि पत्रात मध्ये आलेले इंग्रजी संक्षेप तेवढे फुगले. त्यांनी १६ केले, मग १८. इंग्रजी अक्षरे ओळीतून डोके वर काढू लागली आणि मराठी जागचे हलेना. हा दोष वाटतो, पण रचना समजली की उलगडा होतो. लिब्रेऑफिस रोमन लिपीसाठी एक फॉन्ट-आकार आणि देवनागरी, अरबी यांसारख्या लिपींसाठी दुसरा फॉन्ट-आकार असे दोन हिशेब वेगवेगळे ठेवते. या दुसऱ्या गटाला तेथे "कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट" किंवा थोडक्यात सीटीएल म्हणतात. टूल्समधील ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर सीटीएलपुढे खूण करावी आणि भाषा म्हणून मराठी निवडावी. त्यानंतर रायटरच्या पानावर सीटीएलसाठीचे मूळ फॉन्ट ठरवण्याची वेगळी जागा मिळते, तेथे मजकूर, शीर्षक, यादी यांचे फॉन्ट आणि आकार एकदाच भरून ठेवावेत. आम्ही नोटो सान्स देवनागरी घेतला, कारण तो मोफत आहे आणि जोडाक्षरे नीट दिसतात. एवढे केल्यावर वडिलांना गेल्या दोन वर्षांत फॉन्टच्या नावाने फोन करावा लागलेला नाही. हे सगळे आपोआप व्हायला काय हरकत होती, असा प्रश्न मात्र माझ्या मनात आजही आहे. ज्या लिपींत इतकी माणसे लिहितात, त्यांच्या मूलभूत मांडणीसाठी दोन वेगळ्या पानांवर जावे लागू नये.

जुन्या मराठी फाइलींबद्दलही थोडे सांगावे लागेल. युनिकोड ही सर्व लिपींची सामाईक संकेतपद्धती रूढ होण्याआधी ज्या त्या कंपनीच्या खास फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या, की मराठीऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांची खिचडी दिसते. वडिलांकडे अशी पंधरा-वीस पत्रे होती. फाइल बिघडलेली नसते. मूळ मजकूरच रोमन संकेतांत साठवलेला असतो आणि तो फॉन्ट नसला की सोंग उतरते. कोणतेही ऑफिस आणले तरी तेच दिसेल. त्या पत्रांतील महत्त्वाची चार फॉन्ट बदलून देणाऱ्या परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणली, रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या हाताने दुरुस्त केल्या आणि उरलेली तशीच ठेवली.

मेनूची भाषा मराठी करावी की नाही, यावर आमच्या घरात दोन मते आहेत. सोय चांगली आहे आणि भाषांतरही समजण्याजोगे आहे; पण वडिलांनी आठवडाभर मराठी मेनू वापरून तो परत इंग्रजी केला. फोनवरून मदत करताना मी "फॉरमॅट" म्हणायचो आणि ते पडद्यावर मराठी शब्द शोधत बसायचे, हे त्यामागचे कारण. संगणकाशी पहिल्यांदाच ओळख होत असलेल्या माणसाला मात्र मराठी मेनूच द्यावा असे मला वाटते.

मांडणीचेही तसेच आहे. भाचीला वर टॅबची रुंद पट्टी हवी होती, वडिलांना जुन्या पद्धतीचे मेनू आणि लहान बटणांच्या ओळी. व्ह्यू मेनूतील यूजर इंटरफेस या पर्यायातून दोघांचेही समाधान झाले. एकाच सॉफ्टवेअरने दोन पिढ्यांच्या हातांची सवय न मोडता काम करावे, हा लिब्रेऑफिसचा मोठा गुण आहे आणि त्याची वाखाणणी पुरेशी होत नाही.

खरी कसोटी लागते ती दुसऱ्याने पाठवलेली फाइल उघडताना. लिब्रेऑफिसचे स्वतःचे फाइल-रूप ओडीएफ हे आहे. २००६ मध्ये त्याला आयएसओ या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या मानकाचा दर्जा मिळाला. पण बाहेरच्या जगातून येणाऱ्या बहुतेक फाइली डॉकएक्स आणि एक्सएलएसएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या वर्ड आणि एक्सेलच्या रूपातल्या, असतात. त्या उघडतात, बदलता येतात, परत त्याच रूपात साठवताही येतात. अडते ते पानाच्या मांडणीत. भाचीच्या गटातील मैत्रिणीने पाठवलेला बारा पानांचा अहवाल तिच्याकडे तेरा पानांचा झाला, तक्ता निम्मा खालच्या पानावर उतरला आणि अनुक्रमणिकेतील आकडे चुकीचे ठरले. तिने लगेच सॉफ्टवेअरला बोल लावला. कारण शोधायला बसलो तेव्हा ते फॉन्टमध्ये सापडले. मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये २००७ पासून बरीच वर्षे कॅलिब्री हा मूळ फॉन्ट होता, आणि त्याच्याशी अक्षरागणिक रुंदी जुळणारा कार्लिटो हा फॉन्ट लिब्रेऑफिससोबतच येतो. त्यामुळे कॅलिब्रीतली जुनी फाइल सहसा ओळीला ओळ जुळून उघडते. टाइम्स न्यू रोमन आणि एरियल यांच्यासाठीही लिबरेशन नावाचे असेच जुळे फॉन्ट आहेत. परंतु मायक्रोसॉफ्टने २०२३ मध्ये कॅलिब्रीऐवजी एप्टोस हा नवा मूळ फॉन्ट जाहीर केला, आणि मैत्रिणीचा अहवाल त्यात होता. भाचीच्या लॅपटॉपवर एप्टोस नव्हता, त्याची जागा दुसऱ्या रुंदीच्या फॉन्टने घेतली, दर ओळीत एखादा शब्द खाली सरकला आणि बाराव्या पानापर्यंत त्याचे एक अख्खे पान झाले.

उपाय साधा निघाला. गटातील सर्वांनी अहवाल टाइम्स न्यू रोमनमध्ये लिहायचे ठरवले, आणि पानांचा मेळ बसला. मांडणी जशीच्या तशी पोहोचायलाच हवी, अशा ठिकाणी आता भाची पीडीएफ पाठवते. रायटरच्या पट्टीवर त्यासाठी एक बटण आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही. पीडीएफ तयार करतानाच्या चौकटीत "हायब्रिड" असा एक पर्याय आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो: त्यावर खूण केली की पीडीएफच्या पोटातच मूळ ओडीएफ फाइल ठेवली जाते, समोरच्याला ती साधी पीडीएफ दिसते आणि आपण तीच फाइल लिब्रेऑफिसमध्ये उघडून मजकूर बदलू शकतो. अर्जांसाठी माहितीपत्र तयार करणाऱ्यांना ही गोष्ट फार उपयोगाची आहे. मूळ फाइल कुठे ठेवली ते शोधत बसावे लागत नाही.

बाहेर नेहमी डॉकएक्सच पाठवावी लागत असेल, तर ऑप्शन्समध्ये "लोड अँड सेव्ह" या गटात साठवण्याचे कायमचे रूप बदलून ठेवता येते. वडिलांकडे आम्ही ते बदलले नाही. दर वेळी डॉकएक्स फाइल साठवताना "हे रूप राखायचे की ओडीएफ करायचे" असे विचारणारी चौकट येते, तिचा त्यांना वैताग येतो. पण एकट्यासाठीचे कागद ओडीएफमध्येच राहावेत असे मला वाटते, कारण डॉकएक्समध्ये परत परत साठवताना काही बारीक गोष्टी गळू शकतात. त्याच गटात दर काही मिनिटांनी आपोआप सावरून ठेवण्याची सोय आहे. दहा मिनिटे हा नेहमीचा आकडा आम्ही तीनवर आणला, आणि शेजारीच असलेल्या मागील प्रत ठेवण्याच्या पर्यायावरही खूण केली. वीज गेल्यावर वडिलांचे अर्धे पत्र एकदा या खटाटोपामुळे वाचले.

कॅल्क, म्हणजे तक्ते आणि हिशेबांचा भाग, याबद्दल माझे मत रायटरपेक्षाही चांगले आहे. आमच्या नातेवाइकांच्या संपर्कयादीची सीएसव्ही (स्वल्पविरामाने स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर-) फाइल पूर्वीच्या सॉफ्टवेअरमध्ये नुसती उघडली, की शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकांतले शून्य गायब होत असे आणि मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येत. कॅल्क अशी फाइल परस्पर उघडत नाही. आधी एक चौकट दाखवते. त्यात संकेतपद्धती युनिकोड यूटीएफ-८ निवडायची, खाली दिसणाऱ्या नमुन्यातल्या क्रमांकाच्या स्तंभावर टिचकी मारायची आणि त्याचा प्रकार "टेक्स्ट" करायचा. शून्ये जागेवर, नावे मराठीत. ही चौकट पहिल्यांदा पाहणारा बिचकतो आणि घाईने "ओके" दाबतो, पण तेथे दिलेले अर्धे मिनिट पुढचा तासभर वाचवते. १०,४८,५७६ ओळी आणि २०२२ मधल्या ७.४ या आवृत्तीपासून १६,३८४ स्तंभ एवढी जागा घरच्या हिशेबाला सात जन्म पुरेल. दुसरीकडे तयार केलेल्या मॅक्रोंवर, म्हणजे कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावल्यांवर, ज्यांचे काम अवलंबून आहे, त्यांनी मात्र आधी ती फाइल चालवून पाहावी आणि मगच जुने सॉफ्टवेअर काढावे. साधी मॅक्रो चालतात, गुंतागुंतीची अडखळतात.

इम्प्रेस या सादरीकरणांच्या भागात भाचीने दोन सादरीकरणे केली. काम झाले, पण तयार नमुने जुनाट वाटतात आणि हालचालींचे परिणाम दुसरीकडे उघडल्यावर तसेच राहतील याचा भरवसा धरू नये. चित्रे काढण्याचा भाग असलेले ड्रॉ हे पीडीएफमधली एखादी ओळ किंवा तारीख दुरुस्त करण्यापुरते वापरतो. बेस या डेटाबेसच्या भागाला जुन्या पद्धतीचा डेटाबेस चालवायला "जावा" हे वेगळे सॉफ्टवेअर लागते, हे कळल्यावर घरात ते कोणी उघडलेच नाही. एकाच फाइलवर दोघांनी एकाच वेळी लिहिण्याची सोय संगणकावर बसणाऱ्या या आवृत्तीत नाही, त्यामुळे भाचीची गटकामे ब्राउझरमधील दुसऱ्या सेवेवर होतात आणि अंतिम रूप रायटरमध्ये दिले जाते.

बिघाड झाला तर काय करायचे, याचे एक उत्तर सर्वांनी माहीत करून घ्यावे. माझ्या लॅपटॉपवर मीच हौसेने तीन-चार जोडण्या (वाढीव सोयी देणारे एक्स्टेन्शन) बसवल्या आणि त्यानंतर रायटर उघडताच बंद पडू लागले. काढून पुन्हा बसवले, तरी तेच. वापरकर्त्याच्या आवडीनिवडी आणि जोडण्या वेगळ्या फोल्डरमध्ये राहतात आणि सॉफ्टवेअर काढले तरी ते फोल्डर मागे उरते, हे त्या वेळी मला ठाऊक नव्हते. हेल्प मेनूत "सेफ मोड"मध्ये पुन्हा सुरू करण्याचा पर्याय आहे. तेथे जोडण्या बंद करता येतात किंवा सगळ्या मांडणीला मूळपदावर आणता येते. दोन मिनिटांचे काम. फाइलीला पासवर्ड लावणाऱ्यांनी मात्र तो कागदावर टिपून ठेवावा, कारण ओडीएफचे कुलूप पक्के आहे आणि पासवर्ड विसरल्यास तो परत मिळवून देणारे कोणी नाही.

नव्या आवृत्त्या घेण्याची पद्धत ही मला या सॉफ्टवेअरची सर्वांत कच्ची बाजू वाटते. विंडोजवर ते नवी आवृत्ती आल्याची सूचना देते, पण त्यानंतर ३५० एमबीची ती फाइल पुन्हा उतरवून आपल्याच हाताने बसवावी लागते. शिवाय २५.८ पासून विंडोज ७ आणि ८ यांवर ते चालत नाही, म्हणून जुना संगणक असलेल्यांनी बटण दाबण्याआधी विंडोजची आवृत्ती पाहून घ्यावी. भाची सूचना आली की त्याच दिवशी नवे बसवते. मी महिनाभर थांबतो, म्हणजे पहिल्या दुरुस्त्या झालेल्या असतात. वडील सूचनेची चौकट बंद करतात, तिची तारीख टेबलावरच्या वहीत लिहून ठेवतात आणि मी गेलो की वही माझ्यापुढे सरकवतात. गेल्या वेळी तिच्यात चार तारखा होत्या आणि पाचव्या ओळीत "छपाईचं पण बघ" असे लिहिलेले होते.